पाठ कुठे, पोट कुठे

आज दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. समोर बशीत झेनोपस बेडकाची अंडी. जेमतेम सव्वा मिलिमीटरची, वरून काळपट, खालून पिवळसर पांढरी. शुक्राणू आत शिरला की अंड्याची बाहेरची साल आतल्या बलकावरून साधारण 30 अंश सरकते. बस्स, एवढंच! पण त्या सरकण्यात आईने तळाशी ठेवलेला ऐवज एका बाजूला जातो, तिथे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठतं आणि ती बाजू पाठ ठरते. पिल्लाची स्वतःची जनुकं तेव्हा जवळपास गाढ झोपेत. 12 विभाजनं होऊन हजारो पेशी झाल्यावर कुठे ती नीट जागी होतात. तोवर सगळा कारभार आईच्या शिदोरीवर.

परवा काही अंड्यांना पहिल्या विभाजनाआधी तळाकडून अतिनील किरण दिले होते. सरकणंच थांबलं. आज बघते तर नुसते गोळे. ना डोकं, ना पाठ, सगळं पोटच पोट. (दोघं मात्र शेपटीसकट मस्त वाढलेत. किरण देताना ती अंडी कलली असणार, माझाच वेंधळेपणा.) त्या गोळ्यांकडे बघून उगाच कसंतरी झालं. जनुकं तर त्यांचीही शाबूत होती.