पटायाला जेट स्की राहिली ती राहिलीच

माझं काम मोटार विम्याच्या सर्व्हेचं. जळगाव-भुसावळ-रावेर पट्ट्यात ठोकलेल्या गाड्या बघायच्या, जुना पोचा कुठला आणि नवा कुठला ते लिहायचं. त्यामुळे थायलंडला निघताना भाच्याने पटायाच्या जेट स्कीचा (पाण्यावरची स्कूटर) हट्ट धरला, तेव्हा आधी तिथल्या तक्रारी वाचून काढल्या. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: गाडी परत केली की मालक तळाकडचा ओरखडा दाखवतो आणि हजारो बाट (तिथलं चलन) मागतो. पासपोर्ट तारण दिलेला असला, की मग बोलणंच खुंटलं.

प्रवास विम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचली. (हे काम लोक एजंटावर सोडतात.) साहसी खेळ वगळलेले होते. जास्तीचा हप्ता भरून ते घेतले, तरी भाड्याच्या वाहनाचं नुकसान त्यात बसत नव्हतंच. टूरवाल्याकडून तिथल्या कंपनीचा परवाना क्रमांक लेखी मागवला. थायलंडमध्ये टूर कंपनीला पर्यटन विभागाचा परवाना लागतो. टुरिस्ट पोलिसांचा ११५५ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकला.

बँकॉकला ग्रँड पॅलेसबाहेर एक टापटीप गृहस्थ भेटले. आज पूजा आहे, राजवाडा बंद, तोवर टुकटुकने रत्नांच्या सरकारी सेलला चला म्हणे. बायको म्हणाली, "जळगावच्या सराफ बाजारातून आलेल्यांना हा खडे दाखवणार!" भाचा कानाशी लागला, "मामा, हाऊ लबाड शे." राजवाडा साडेआठला उघडतो, हे आम्ही पाहून ठेवलं होतं. पुढे गेलो तर फाटक उघडंच.

पटायाला किनाऱ्यावर जेट स्कीवाल्याने पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स पुढे केली, ती चालली. मग म्हटलं, गाडी वाळूवर ओढ, चारही बाजूंनी आणि खालून व्हिडिओ घेतो, त्यात तूही उभा राहा. बाजूंना तो तयार झाला. तळाचं नाव काढताच "नो टाइम, नो टाइम". काही मोडलं तर कशाचे किती, तेही लिहून देईना. आपल्याकडे असा मालक भेटला तर मी त्याचा क्लेम बघायलाही बसत नाही.

भाचा फुगला. त्याला बाली हाय धक्क्यावरून सरकारमान्य दराच्या साध्या बोटीने को लार्न बेटावर नेलं, दुपारभर पाण्यातून बाहेर निघाला नाही. संध्याकाळी हॉटेलात कार्डाच्या मशीनने रुपये की बाट विचारलं. त्यानेच झटकन बाट दाबलं. रुपये निवडले की बाटचा दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो महाग पडतो, हे बोटीत समजावलं होतं.