दुसऱ्या कोडीत हरवलं ते वेगळंच

"हिलरी डफ नाही, म्हणून दुसरा भाग पडला." ‘एजंट कोडी बँक्स’ या पोरगेल्या हेराच्या सिनेमांबद्दल आज पुन्हा हेच वाक्य कानावर आलं आणि खटकलं.

पहिला सिनेमा २००३ चा, त्यात हिलरी डफ नायिका होती; लंडनवाला दुसरा भाग २००४ चा. पहिल्यात हेरगिरीत तरबेज असलेला पोरगा मुलीसमोर गेला की त-त-प-प करतो. त्याला वेळ मिळावा म्हणून सीआयएची मोठी माणसं त्याचा गृहपाठ आणि घरकाम उरकतात. खरं हसू तिथं होतं!

दुसऱ्यात घर-शाळा मागे पडली. हेरगिरीसाठी क्लॅरिनेट घेऊन कोडी थेट वाद्यवृंदात. दातात बसवायची, मन ताब्यात घेणारी चिप मात्र झकास. दातांच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या पोरांना ती लगेच पोचते.

पण कोडीला अडखळायला जागाच उरली नाही.

तुमच्या घरातल्या मुलांना कुठला भाग आवडला?