कारखान्याशेजारी राहायची भीती वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे जर्मनीत, बुर्गहाउझनला पाहुणे आले की आधी १०५१ मीटर लांबीचा किल्ला बघतात, मग खालची झाल्त्साख नदी, तिच्या पलीकडचा ऑस्ट्रिया. शेवटी कारखान्याचे मनोरे दिसतात आणि प्रश्न येतोच: "एवढ्या मोठ्या केमिकल कारखान्याशेजारी राहता, भीती नाही वाटत?"

पूर्वी मी चिडायचे. कारखाना १९१६ पासून चालू आहे. आल्त्स नदीचं पाणी कालव्याने आणून इथल्या उतारावर वीज करता येईल, म्हणून तो इथे उभा राहिला. एकोणीसेक हजार वस्तीच्या गावात आठेक हजार नोकऱ्या त्याच्या. त्यातली एक माझ्या नवऱ्याची. सोलर पॅनलला लागतं त्या जातीचं सिलिकॉन इथे तयार होतं. ते कुठेतरी होणारच ना? हे मला आजही पटतं.

पण आई आली होती तेव्हाचं सांगते. सप्टेंबरचा दुसरा गुरुवार, देशभर धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्यांच्या चाचणीचा दिवस. आदल्या रात्री तिला नीट समजावलं होतं: अकरा वाजता भोंगा होईल, आवाज चढेल-उतरेल, घाबरायचं नाही. तरी भोंगा सुरू होताच ती धावत खिडक्या लावत सुटली. "काचांपासून लांब हो!" मला ओरडली. मग पासपोर्ट आणि औषधांची पिशवी छातीशी धरून जिन्यात बसली. भोंगा थांबला तरी उठेना. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा स्वयंपाकघराच्या काचा तिच्या पाठीवर आल्या होत्या. तेव्हा आमच्या घरापर्यंत कसलीच सूचना पोचली नव्हती.

मी म्हटलं, "अगं आई, इथे आधी सांगतात."

"सांगतात म्हणजे होऊ शकतं, हे त्यांनाही ठाऊक आहे," ती म्हणाली.

यावर मला बोलता आलं नाही. आमच्याच आल्ट्योटिंग जिल्ह्यात, गेंडॉर्फच्या रसायन-वसाहतीतलं पीएफओए, म्हणजे सहजी न विरणारं एक घातक रसायन, वर्षानुवर्षं जमिनीत आणि पिण्याच्या पाण्यात उतरत राहिलं. २०१८ मध्ये लोकांचं रक्त तपासलं, त्यातही ते निघालं. त्यासाठी कुठलाच भोंगा वाजला नव्हता.

तर हो, वाटते भीती. स्फोटाची कमी, नळाच्या पाण्याची जास्त. आणि तरीही कुणी कारखान्याला नावं ठेवली की मी अजून भांडायला उठते. आमचं घर त्याच्यावर चालतं. मुलीची शाळा संपली की म्युनिकला जाऊ, असं नवरा म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.