बूट काढायला सांगा

जुलै २०१९ मधली गोष्ट. सकाळी सहाला मी नैरोबीतल्या एका हॉटेलच्या दारात गाडी लावून उभा होतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून दोघं आले होते, प्रसिद्धी विभागातली एक मुलगी आणि एक फोटोग्राफर. दोघंही पातळ सुती कपड्यांत, हात काखेत दाबून बाहेर आले. "सर, आफ्रिकेत एवढी थंडी?" मी दोन स्वेटर आणि बायकोची एक शाल गाडीत टाकूनच आणली होती. जुलैत भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा टोपी आणि सनस्क्रीन घेऊन येतो, स्वेटर कोणी आणत नाही. नैरोबी जवळपास १७०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. चाळीस लाखांहून जास्त वस्तीच्या या शहराचा बराचसा भाग आपल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर वसलेला आहे, हे ऐकून फोटोग्राफर थोडा वेळ गप्प बसला.

मी ठिबक सिंचनात काम करतो. २०१४ पासून केनियात आहे. टाकी किती उंचीवर बसवायची, फिल्टर कुठला, नळ्यांमधलं अंतर किती, हे ठरवायचं, संच बसवून द्यायचा आणि शेतकऱ्याला तो चालवायला शिकवायचा. इथं मला सगळे 'फुंदी' म्हणतात, म्हणजे कारागीर, मिस्त्री. त्या दिवशीचं काम मात्र वेगळं होतं. कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी केनियातल्या एका शेतकरी बाईचे फोटो काढायचे होते. शेत मी निवडलं होतं. दुभाष्या मीच.

थिका मागे पडलं, अननसाचे मळे गेले. मुलीनं विचारलं, वाटेत सिंह दिसतील का? मी सांगितलं, सिंह बघायला इथल्या माणसांनाही अभयारण्याचं तिकीट काढावं लागतं आणि कितीतरी जणांनी तो आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. "आफ्रिकेत पाणी कुठलं प्यायचं?" "आफ्रिकेत रात्री बाहेर पडतात का?" प्रत्येक प्रश्नात आफ्रिका. चोपन्न देश आहेत या खंडात. मी दर वेळी उत्तरात "केनियात" म्हणत होतो, आणि खरं तर तेही पुरेसं नव्हतं. मोंबासाच्या दमट किनाऱ्याचं आणि आम्ही चाललो होतो त्या डोंगराळ मुलखाचं एकमेकांशी तेवढंच नातं, जेवढं रत्नागिरीचं आणि लातूरचं.

कराटिनाला चहासाठी थांबलो. तिथला बाजार मोठा. बटाटे, कोबी, केळी, गाजरं, नुसती रेलचेल. मुलीनं केळी घेतली आणि डॉलरची नोट पुढं केली. केळीवालीनं मान हलवून टोपलीला टांगलेला पुठ्ठा दाखवला. त्यावर तिचा एम-पेसाचा नंबर. पैसे मी माझ्या फोनवरून दिले. एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं. त्याला साधा बटणांचा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. आपल्याकडं यूपीआय आलं २०१६ ला. "म्हणजे आपल्या नऊ वर्षं आधी?" असं म्हणून मुलगी त्या पुठ्ठ्याकडं बघत राहिली. मी हे तिला खिजवायला सांगितलं नव्हतं. मी स्वतः इथं आलो तेव्हा आईनं बॅगेत डाळी, तिखट, मीठसुद्धा भरून दिलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात नैरोबीतल्या पार्कलँड्स भागातल्या दुकानांत मला मेथीपासून कारल्यापर्यंत सगळं मिळालं होतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पुढं जे झालं ते मात्र नुसतं माहीत नसण्यानं झालं नाही.

शेत नारो मोरूच्या पुढं, नान्युकीच्या अलीकडं. विषुववृत्त नान्युकीच्या शिवेवरून जातं आणि समोर ५१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया उभा, माथ्यावर उरलंसुरलं बर्फ. आम्ही पोचलो तेव्हा डोंगर अजून उघडा होता, तासाभरात ढगांनी झाकला जाणार होता. बाई फाटकापाशी वाट बघत होत्या. थोरल्या मुलीच्या नावापुढं 'मामा' लावून सगळे त्यांना हाक मारतात. आपल्या कानाला चमत्कारिक वाटेल, पण स्वाहिलीत मामा म्हणजे आई. नाव इथं देत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

मामांनी जांभळा सूट घातला होता, जाकीट आणि स्कर्ट, चर्चला जाताना घालतात तो. डोक्यावर टोपी. पायात काळे, नाडीचे, पॉलिश केलेले चामडी बूट. फोटो निघणार म्हणून. आपल्याकडं फोटोग्राफर येणार म्हटल्यावर घडीची नऊवारी काढतात, तसंच.

मामांचा एकूण एक एकर 'शांबा', म्हणजे शेत. त्यातल्या अर्ध्या एकरावर ठिबकवर फरसबी. साधी फरसबी नव्हे, युरोपला विमानानं जाणारी. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक शेंग निघाली तर पहिल्या प्रतीची, त्याहून जाड झाली की दर उतरतो. एक दिवस तोडणी चुकली की शेंग फुगते. म्हणून हंगामात मामा दिवसाआड पहाटेपासून वाफ्यात असतात. त्यांची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. कुठलं औषध, किती मात्रा, कुठल्या तारखेला फवारलं, त्यानंतर किती दिवसांनी तोडलं, सगळं रकान्यांत लिहिलेलं. निर्यातदाराचा माणूस येऊन ती तपासतो. नदीवरच्या सामाईक पाटातून पाण्याची पाळी ठरलेली असते, ती आली की टाकी भरून घ्यायची. पाळीवरून भांडणं होतात, आपल्या कॅनॉलवर होतात तशीच. ही वही, हा फिल्टर, ही टाकी यांचे फोटो निघावेत असं माझ्या मनात होतं.

फोटोग्राफरनं बॅगेतून कागद काढला. कुठले फोटो हवेत त्याची यादी पुण्याहूनच ठरून आली होती. मी वाचली. मातीची झोपडी. डोक्यावर पाण्याचं भांडं. अनवाणी पाय, कोरडी जमीन. मुलं, शक्यतो हसणारी. मग त्याच बाईच्या हातात ठिबकची नळी.

मामांचं घर लाकडी फळ्यांचं, वर पत्रा, खिडकीला पडदे, छपरावर सोलरची पाटी. जमीन काळी, ओली. मुलं शाळेत.

फोटोग्राफर वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाटेत आईला फोन करून नीट पोचल्याचं कळवणारा, मामांना वाकून नमस्कार करणारा मुलगा. तो मला हळूच म्हणाला, "सर, यांना घरातले साधे कपडे घालायला सांगता का? तो रंगीत कपडा गुंडाळतात ना, तसं काही. आणि बूट काढायला सांगा. ऑथेंटिक वाटलं पाहिजे."

"त्या रोज गमबूट घालून काम करतात," मी म्हणालो.

"हो सर, पण बघणाऱ्याला आफ्रिका वाटायला नको का?"

मामा आमच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय? आणि मी सांगून टाकलं. का सांगितलं याचं उत्तर माझ्याकडं आजही धड नाही. वरून आलेलं काम होतं, दुभाष्याची सवय होती, समोर कॅमेरा होता. तोंडातून निघून गेलं, बूट काढायला सांगतोय.

मामांनी एकदा बुटांकडं पाहिलं, एकदा वाफ्याकडं. आणि हसून म्हणाल्या, "हो, नळीवर पाय पडेल म्हणून ना?"

दोन वर्षांपूर्वी संच बसवून दिला तेव्हा मीच त्यांना शिकवलं होतं की नळीची भिंत पातळ असते, जड बुटानं तुडवू नका, चिरली की सगळ्या ओळीचा दाब जातो. ते त्यांच्या ध्यानात होतं. फुंदी सांगतोय म्हणजे काहीतरी कारण असणार, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. बांधावर बसल्या, टोपी बाजूला ठेवली आणि उजव्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, गाठ पटकन सुटेना.

त्या बोटांकडं बघताना मला माझे वडील दिसले. २०१३ च्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. आमची चार जनावरं छावणीत, वडील तिथंच मुक्कामाला. मी सुट्टीवर गेलो होतो. एके दिवशी फोटो काढणारे आले. त्यांनी वडिलांना बैलाशेजारी बसवलं आणि सांगितलं, बाबा, घड्याळ काढा, चष्मा काढा, कपाळाला हात लावा. वडिलांनी घड्याळ काढून बंडीच्या खिशात ठेवलं. त्यांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. ते कुठंतरी भलतीकडंच बघत बसले आणि फोटो निघाला. मी बाजूला उभा होतो, एक शब्द बोललो नाही. दुष्काळ खरा होता. घड्याळही खरं होतं.

मी मामांच्या समोर उकिडवा बसलो आणि त्यांचा हात धरला. म्हणालो, नळीचं काही नाही. बूट राहू द्या. माझं चुकलं.

मग मी फोटोग्राफरला मराठीत सांगितलं, आवाज न चढवता, कारण मामांना भांडण वाटलं असतं: या बाईंनी फोटोसाठी हे कपडे निवडलेत. यातच फोटो निघेल, नाहीतर निघणार नाही. मुख्य कार्यालयाला काय सांगायचं ते मी सांगतो. तो चरकला. म्हणाला, "सर, मी असा विचारच केला नव्हता." मुलगी इतका वेळ गप्प होती. ती पुढं आली, खाली बसून मामांच्या बुटाची नाडी पुन्हा बांधली आणि टोपी उचलून हातात दिली.

त्यानंतर तासभर फोटो निघाले. मामांनी स्वतः जागा निवडली, टाकीच्या स्टँडखाली, फिल्टरवर एक हात आणि दुसऱ्या हातात ती निळी वही, पान उघडून.

जेवायला मामांनी आत बोलावलं. पाहुण्यांच्या बॅगेत ठेपले होते, त्यांना शाकाहारी काही मिळेल असं वाटलं नव्हतं. टेबलावर आल्या चपात्या आणि न्देंगू. झाकण काढल्यावर मुलगी ओरडलीच, "अहो, ही तर मुगाची उसळ!" न्देंगू म्हणजे हिरवे मूगच. बरोबर कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, तिला इथं कचुंबरी म्हणतात. चहा दूध घालून उकळलेला. चपाती इथं रोजची नाही, सणावाराला आणि पाहुण्यांना करतात, कारण लाटायला वेळ लागतो. मामांनी ती पहाटे उठून केली होती. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात आम्ही नीट घरी पोचावं असंही मागितलं.

परतताना गाडीत फारसं कुणी बोललं नाही. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागंपुढं करत होता. एकदा म्हणाला, "चांगले आलेत सर." आणि थोड्या वेळानं, "पण हे घेतील असं वाटत नाही."

अहवाल सप्टेंबरात आला. केनियाच्या पानावर एका बाईचा फोटो होता. अनवाणी, डोक्यावर पिवळा कॅन, मागं भेगाळलेली लाल जमीन. खाली लिहिलं होतं, केनियातील लाभार्थी शेतकरी. ती बाई कोण, कुठल्या देशातली, कुणाला ठाऊक. विकतच्या फोटोंच्या साठ्यातून घेतलेली. मी मेल लिहिली, कडक लिहिली. उत्तर आलं, आपली सूचना नोंदवून घेतली आहे, वाचकांशी भावनिक नातं जुळावं म्हणून छायाचित्र बदलावं लागलं. मी ते उत्तर बऱ्याचदा वाचलं. वही हातात धरलेल्या, स्वतःचा धंदा स्वतः करणाऱ्या बाईशी पुण्यातल्या वाचकाचं नातं का जुळणार नाही? माझ्या आईचं जुळलं असतं. चुलत्याचं तर दर विचारून झाले असते. गैरसमज आपोआप टिकत नाहीत. त्यांची मागणी नोंदवली जाते, यादी होते, आणि वाटेत माझ्यासारखा कुणीतरी त्या यादीचं भाषांतर करून देतो.

फोटोग्राफरनं त्या दिवशीचे सगळे फोटो मला पाठवले होते, न मागता. त्यातला टाकीखालचा मी नैरोबीत मोठा छापून घेतला, काच लावून घेतली. ऑक्टोबरात फिल्टर धुवायच्या फेरीला गेलो तेव्हा बरोबर नेला. अहवालाबद्दल मामांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या दुसऱ्या बाईला तरी विचारलं होतं का? मला ठाऊक नव्हतं.

फोटो त्यांनी मुलीच्या पदवीच्या फोटोशेजारी लावायला घेतला. खिळा मीच ठोकला. मामा दोन पावलं मागं गेल्या, चष्मा लावला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि काचेवर बोट ठेवलं, खाली, पायांपाशी.

"चिखल दिसतोय," त्या म्हणाल्या. "फुंदी, तू तेव्हाच सांगायचंस ना. मी बूट पुसून आले असते."