जुना बंपर भंगारात देऊ नका

आधी शेवटचं सांगतो, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे. गाडीला नवा बंपर बसवणार असाल तर जुना बंपर त्याच दिवशी घरी आणा, पोत्यात गुंडाळा आणि माळ्यावर टाका. वेल्डरच्या दुकानात ठेवू नका. ‘राहू दे इथंच, नंतर नेतो’ असं मी सहज म्हणून गेलो आणि ते मला नऊ आठवडे व साडेसात हजार रुपयांना पडलं.

गाडी 2009 ची मारुती जिप्सी, पेट्रोल. शेताकडची आमची वाट म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधोमध गवताचा वरंबा. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होतात आणि वरंब्यावर गाडीचं पोट घासतं. पंधरा वर्षांत पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्याही बसल्या होत्या. म्हणून ठरवलं, गाडी दोन इंच उचलायची आणि पुढे दणकट लोखंडी बंपर लावायचा, टो-हुकासकट. चिखलात अडकली की दोर बांधायला जुन्या बंपरवर भरवसा नव्हता.

हायवेला ट्रकचे पाटे करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि पहिल्याच वाक्यात मला जमिनीवर आणलं. म्हणाले, ‘घासतं काय? बॉडी की गोळा?’ गोळा म्हणजे डिफरेन्शिअल, दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या (ॲक्सलच्या) मधला गिअरचा डबा. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा ॲक्सल आहे. पाटे कितीही उचला, बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. गोळा उचलायला टायरच मोठा लागतो. हे मला माहीत नव्हतं. म्हणून 205/70 च्या जागी 215/75 घातले, रिम तीच 15 इंची. टायरचा व्यास साडेतीन सेंटिमीटरने वाढला, म्हणजे गोळा जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वर आला. एवढ्यासाठी चार नवे टायर! आणि आता मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने पळत असते.

बाकी उंची दोन गोष्टींनी मिळवली. प्रत्येक पाट्याखाली एक जादा पान घातलं आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक गाडीला लटकवणारे दुवे, मूळपेक्षा दोन इंच लांब लावले. शॅकल दोन इंच वाढवला की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. हे दुकानदार सांगत नाहीत, पाकिटावर मात्र मोठ्या अक्षरात ‘दोन इंच’ असतं. काम दीड दिवसाचं. त्यातला एक अख्खा दिवस मागच्या डाव्या शॅकलच्या बोल्टने खाल्ला. तो बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. डिझेल ओतलं, घण घातला, शेवटी मामांनी ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापला. जुन्या गाडीचं काम काढताय तर बोल्ट, बुश आणि यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) नवे आणूनच ठेवा. जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते ताणलेले असतात. शॉकअपही लांबीचे घ्या, नाहीतर चाक खाली लोंबलं की सगळा ताण शॉकअपवर. ब्रेकचा होज पाइपही तसाच तपासा. माझ्या गाडीचा पुढचा होज, चाक लोंबल्यावर, तारेसारखा ताठ झाला होता, तो बदलला.

गाडी खाली उतरवली तेव्हा मी लहान पोरासारखा तिच्याभोवती फिरलो. मग चालवली. सत्तरच्या पुढे गेल्यावर स्टीअरिंग हातात राहीना. वळण संपलं तरी चाक सरळ होत नव्हतं, हातानेच आणावं लागत होतं. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की ॲक्सलचा माथा पुढे झुकतो, कॅस्टर (चाकाला आपोआप सरळ करणारा कल) कमी होतो आणि गाडी भिरभिरते. इलाज अगदी सुतारी, पाटा आणि ॲक्सलच्या मधे पाचर. मामांच्या पोराने पहिल्यांदा ती उलटी बसवली आणि गाडी आधीपेक्षा वाईट झाली. जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. तुमच्या गाडीत ॲक्सल पाट्याखाली असेल तर हिशेब उलटा.

आता बंपर. शहरातल्या एका फॅब्रिकेटरकडे पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला. त्याने चार एमएमचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा वापरला. मी तीन म्हटलं होतं, पण ‘दादा, आयुष्यभर बघायला नको’ असं म्हणून त्याने चार घातला. वर आडवा पाइप, दोन टो-हुक, रेड ऑक्साइड आणि काळा रंग. काट्यावर ठेवला तर 38 किलो. तो बसवल्यावर पुढची बाजू मोजली तर मिळवलेल्या उंचीतला अर्धा इंच गेला होता. म्हणजे मामांनी उचललेलं याने बसवलं. बंपर आधी करा आणि पाटे त्या वजनाच्या हिशेबाने नंतर करा. मी उलटं केलं. पण दिसायला काय सांगू, गाडी पाटलासारखी दिसत होती. हे सगळं फेब्रुवारीतलं.

नोव्हेंबरात गाडीला पंधरा वर्षं भरली. आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची म्हणजे पासिंग, आरटीओत गाडीची तपासणी. अर्ज मुदतीआधी 60 दिवसांपासून करता येतो. मी शेवटच्या आठवड्यात केला, ते मूर्खपण माझं. फॉर्म 25, पाच हजार फी, पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी हे सगळं एका दुपारी उरकलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाडी धुतली, चॅसिस नंबर घासून मोकळा केला आणि सकाळी नऊला रांगेत उभा राहिलो.

साडेबाराला नंबर लागला. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढे आले, बुटाच्या टोकाने बंपरला हलकेच ठोकलं, ‘टण्ण’ असा आवाज आला आणि ते म्हणाले, ‘हा काढून आणा.’

मी वाद घातला. नको होता घालायला, पण साडेतीन तास उन्हात उभा होतो. म्हटलं, साहेब, हा बुलबार (बंपरपुढे लावतात तो जादा लोखंडी सांगाडा) नाही, बंपर आहे. ते म्हणाले, आरसीवरची गाडी कंपनीने बनवली तशी हवी, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. म्हटलं, बुलबारने एअरबॅग नीट उघडत नाही म्हणून तुमची बंदी, माझ्या गाडीत एअरबॅगच नाहीत. यावर मी स्वतःवर खूश झालो होतो. त्यांनी शांतपणे आपला हात आडव्या पाइपच्या उंचीवर धरला आणि माझ्या अंगाशी आणून दाखवला. बरोबर माझ्या मांडीपाशी. ‘आणि तुमच्या पोराच्या?’ एवढंच विचारलं. माझा पोरगा सात वर्षांचा आहे. मी गप्प बसलो.

माणूस चुकीचा नव्हता. केंद्राने बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना 2017 च्या डिसेंबरातच कळवलं होतं, आणि आता कायद्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड आहे. मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. फेब्रुवारी ते नोव्हेंबर हाच बंपर घेऊन मी चार वेळा टोलनाक्यावरून आणि दोनदा नाकाबंदीतून गेलो, एकाने तर ‘कुठं केला?’ म्हणून पत्ता विचारला. आणि शेऱ्यात बंपरखाली दुसरी ओळ होती: हेडलाइटचा फोकस वर. ते मात्र शंभर टक्के खरं. गाडी उचलली की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. घरी भिंतीसमोर दहा मिनिटांत स्क्रू ड्रायव्हरने जमलं. काम सुरू करण्याआधीच भिंतीवर प्रकाशाच्या रेषेची खडूने खूण करून ठेवा.

फॅब्रिकेटरकडे गेलो. ‘दादा, तुमचा जुना बंपर? तो तर दिवाळीच्या साफसफाईत गेला.’ कुठे गेला? भंगारवाल्याकडे. भंगारवाल्याने हात वर केला आणि ट्रक गेला त्या दिशेकडे बोट दाखवलं.

जिप्सी बंद झाल्याला काही वर्षं झाली. शोरूमला फोन केला तर मुलगी म्हणाली, ‘सर, ते मॉडेल चेक करून कळवते.’ अजून कळवतेय. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गेलो, दोन तास धुळीत फिरलो, एक बंपर मिळाला, घासाघीस करून घेतला. घरी आणून लावून बघतो तर तो मागचा! शेवटी कुर्ल्याला, जुन्या सुट्ट्या भागांच्या गल्लीत, पाचव्या दुकानात पुढचा सापडला. एका कोपऱ्यात चेपलेला, पांढऱ्या रंगावर निळा मारलेला, बावीसशे रुपये. मेव्हण्याच्या गाडीत तो दीड मीटरचा बंपर डिकीपासून दोन सीटच्या मधे गिअरपर्यंत आला, आणि घाटभर तिसरा गिअर टाकताना मेव्हण्याचं कोपर त्याला लागत होतं. तो माझ्याशी लोणावळ्यापर्यंत बोलला नाही.

आणि मग तो बसेना. नवा बंपर बसवताना फॅब्रिकेटरने जुने ब्रॅकेट गॅसने कापून टाकले होते, मला न विचारता. चॅसिसच्या टोकाला नुसते काळपट ओरखडे. त्या दिवशी मी त्याच्या दुकानात जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने तोंडातली सुपारी थुंकली आणि म्हणाला, ‘दादा, तुम्हीच म्हणाला होता, पक्का बसव.’ दोन दिवसांनी नवे ब्रॅकेट वेल्ड करून दिले, पैसे घेतले नाहीत. तुम्ही काम देताना पहिलं वाक्य हे बोला: गॅस कटर चॅसिसच्या जवळ आणायचा नाही, बंपर मूळच्या भोकांवर बोल्टनेच बसला पाहिजे.

तोवर मुदत संपून दुसरा महिना लागला होता. उशिराचे महिन्याला पाचशे. त्यात पुन्हा तारीख घ्यायची, ती अकरा दिवसांनंतरची.

दुसऱ्या वेळी तेच साहेब. चेपलेला बंपर बघून हसले, दिवे लावायला सांगितले, चॅसिस नंबरचा पेन्सिल छाप घेतला, सात मिनिटांत मोकळा. उंचीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. पण कलम 52 च्या काट्यावर तोललं तर तीही बंपरच्याच पारड्यात जाईल. म्हणून हे वाचून कोणी माझ्याकडे बोट दाखवून इन्स्पेक्टरशी भांडू नये.

38 किलोचा बंपर आता गोठ्यात आहे. एका टो-हुकाला वासरू बांधतो, अजून तरी त्याने हलवलेला नाही.

हो, आणि यू-बोल्ट! नवे यू-बोल्ट पाचशे किलोमीटर चालल्यावर परत आवळायचे असतात. मामांनी सांगितलं होतं, मी विसरलो. दुसऱ्या पासिंगला जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ‘खट्ट’ वाजत होतं आणि मला वाटत होतं, बंपरचे नवे ब्रॅकेटच सुटले. आरटीओच्या दारातच गाडीखाली आडवा झालो आणि पाना लावला. मागच्या उजव्या बाजूचे चारही नट अख्खा एकेक फेरा फिरले.