माल्टाला जायचं, पण दमायचं नाही

ऑक्टोबरच्या सुट्टीत माल्टा, हे एकदाचं ठरलं. गेल्या वर्षी एका हॉटेलात डुकराचं बेकन आणि अंडी एकाच चिमट्याने वाढत होते. अम्मीने आठवडाभर केळी आणि टोस्टवर काढला. म्हणून यंदा हॉटेल नाही, मेलिहा गावात स्वयंपाकघर असलेला फ्लॅट. जवळचा आदिरा किनारा वाळूचा, उथळ. धाकट्याला खुशाल डुंबू दे.

देश कॅथलिक, पण भाषा मूळची अरबी. पावाला 'होब्झ', देवाला 'अल्ला', आणि ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांना चक्क 'रानदान', म्हणजे आपल्या रमजानचाच शब्द! हे सांगितल्यावर अब्बांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तोवर त्यांना इंग्लंडातलं लेस्टर सोडून कुठेच जायचं नव्हतं.

खाण्याची काळजी मात्र आहेच. गल्लोगल्ली मिळणाऱ्या पास्तित्सीत सारण रिकोटा चीजचं किंवा वाटाण्याचं, पण पापुद्र्यांत डुकराची चरबी असू शकते. विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही, असं पोरांना बजावलंय. मासळीचं बरंय. रविवारी मार्साश्लॉकचा बाजार, त्यात लाम्पुकी माशाचा हंगाम. तिथल्या होड्यांच्या पुढच्या टोकावर डोळे रंगवतात म्हणे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात वाढलेल्या अब्बांना ते बघायचंय. मी कोकमाच्या आगळाची बाटली आणि घरचा मसाला बॅगेत आधीच टाकलाय.

शुक्रवारी पाओलाच्या मशिदीत जुम्मा, एक दिवस फेरीबोटीने गोझो बेट, पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. बाकी दिवस कोरे ठेवलेत. नवऱ्याने त्यात तीन किल्ले घुसवलेत, ते मी हळूच खोडणार आहे.