माझ्या कुत्र्याला मराठी कळतं

आमच्या भाडेकरारात एक ओळ आहे: 'पेट्टो फुका'. पेट्टो म्हणजे पाळीव प्राणी आणि फुका म्हणजे परवानगी नाही. कुत्रं पाळू या म्हणून आमच्या सात वर्षांच्या कन्येनं वर्षभर हट्ट धरला होता. तो दोन्ही भाषांत फुका गेला.

आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कसाईला राहतो. इथे भारतीय माणसं बरीच, मराठीही कानावर पडतं, तूरडाळीसाठी लांब जावं लागत नाही. नाहीत ती फक्त कुत्री. म्हणजे मोकाट कुत्री. दोरीला बांधलेली, अंगात स्वेटर घातलेली, बाबागाडीत बसून फिरायला निघालेली कुत्री पुष्कळ आहेत. पण कोपऱ्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं, कुणाचंच नसलेलं आणि म्हणून सगळ्यांचं असलेलं कुत्रं मला या शहरात अजून दिसलेलं नाही. १९५० साली रेबीज प्रतिबंधक कायदा झाला तेव्हापासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी आणि दरवर्षी लस सक्तीची आहे, आणि देशातून रेबीज हद्दपार होऊनही साठ वर्षांवर झाली. याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं आहे, कळतं मला. तरी पहिले सहा महिने रात्री दोन वाजता कुणी भुंकत नाही म्हणून झोप लागायची नाही.

तर कुत्र्यावर तोड म्हणून आम्ही एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून पांढरा निन्तेन्दो डीएस लाइट आणला आणि सोबत पडद्यावर कुत्रं पाळायच्या 'निन्तेन्दॉग्स' या खेळाची शिबा आवृत्ती. शिबा ही जपानी कुत्र्याची एक जात. हातात मावणारं, वहीसारखं उघडणारं यंत्र. दोन पडदे, खालच्याला बोट किंवा प्लास्टिकची कांडी लावली की कळतं, आणि एक बारीकसा मायक्रोफोन. हा खेळ जपानात २१ एप्रिल २००५ ला आला. डाँकी काँग आणि मारिओ हे व्हिडिओ गेम घडवणारे शिगेरू मियामोतो यांच्या घरी शेटलंड शीपडॉग जातीचा कुत्रा आला आणि त्याच्यापायी त्यांना ही कल्पना सुचली. सगळ्या आवृत्त्या मिळून दोन कोटी तीस लाखांच्या वर प्रती खपल्या. इथल्या 'फामित्सू' या व्हिडिओ गेमच्या साप्ताहिकानं त्याला चाळीसपैकी चाळीस गुण दिले होते. मला आधी वाटलं, कुत्र्याला गोंजारायचं, त्यात गुण कसले द्यायचे?

यंत्र सुरू केलं आणि आत आधीच एक कुत्रा होता.

जुन्या वस्तूंत असं होतं. कुणी कपाट विकतं आणि खणात नातवाचा फोटो राहतो. पडद्यावर तांबूस रंगाचा शिबा उभा होता, अंगावर मळाचे थर, बाजूला लिहून आलं होतं की भुकेला आहे, तहानलेला आहे, घाणेरडा झालाय. नाव कोतारो. या खेळातली कुत्री मरत नाहीत, म्हातारीही होत नाहीत. १९९६ च्या तामागोच्ची या खेळण्यातल्या पिल्लाकडे दुर्लक्ष केलं की ते मरायचं आणि पोरं रडायची. इथे तसं नाही. इथे कुत्रा नुसता वाट बघतो. मला विचाराल तर हे जास्त वाईट.

मुलीनं त्याला आंघोळ घातली. स्पंजानं फेस करायचा, मग फवाऱ्यानं धुवायचं. खायला घातलं, पाणी ठेवलं. मी माइकजवळ तोंड नेऊन हाक मारली, "कोतारो!" त्यानं कान हलवला आणि भिंतीकडे बघत बसला. पाच वेळा, दहा वेळा. काही नाही.

कारण यातली गंमतच ती आहे. कुत्रा घेतला की त्याचं नाव टाइप करायचं आणि मग तेच नाव माइकमध्ये पुन्हा पुन्हा उच्चारायचं. यंत्र तो आवाज लक्षात ठेवतं. हुकुमांचंही तसंच. डोक्यावरून कांडी खाली ओढली की पिल्लू बसतं आणि कोपऱ्यात दिवा लागतो. दिव्याला हात लावायचा आणि आपला शब्द म्हणायचा. कुठला ते आपण ठरवायचं. हे काही दिवस केलं की हात न लावता नुसत्या शब्दावर बसतं. यंत्राला भाषा येत नाही, त्याला फक्त आवाजाचा आकार येतो. कोतारोला ज्या आवाजानं वाढवलं होतं, तो माझा नव्हता.

सगळं पुसून नव्यानं सुरू करता येतं म्हणे. माझ्याच्यानं होईना. म्हणून कोतारोला खेळातल्याच कुत्र्यांच्या हॉटेलात ठेवलं (तिथे खाण्यापिण्याची सोय होते) आणि आधीच्या मालकानं साठवलेल्या पैशांतून आम्ही दुसरं पिल्लू घेतलं. हो, त्याच्याच पैशांनी. नवरा म्हणाला, हा गुन्हा आहे का ते एकदा बघून घे.

यादीत आपल्याकडचं एकही जातिवंत कुत्रं नाही, मुधोळसुद्धा नाही. शेवटी पुन्हा शिबाच घेतला, कारण जपाननं १९३६ साली नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर केलेलं हे कुत्रं दिसायला थेट आपल्या गावठी कुत्र्यासारखं असतं. तेच उभे कान, तीच वळलेली शेपटी, तोच 'तू कोण मला सांगणार' असा चेहरा. कराडजवळ माझ्या माहेरी अंगणात असाच एक होता. नाव अर्थातच वाघ्या. म्हणून हाही वाघ्या. पण जपानी लिपीत 'घ' नाही, त्यामुळे पडद्यावर उमटलं 'वागुया'.

आता त्याच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत?

पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'सिट' गेलं. तिथेच थांबले. पुण्यात माझ्या निम्म्या मैत्रिणींकडे कुत्री आहेत आणि ती सगळीच्या सगळी इंग्रजी माध्यमातली. ज्या घरांत मुलांना 'ये, बस, जेव' म्हणतात, तिथेच कुत्र्याला 'कम, सिट, ईट' असतं. जपानी शब्द मला येत होते, कारण बागेत रोज कानावर पडतात. ओसुवारी म्हणजे बस, ओते म्हणजे हात दे, फुसे म्हणजे आडवा हो. आणि थांब म्हणजे 'माते'. तोक्योत नवीन असताना एक आजोबा आपल्या लठ्ठ शिबासमोर उभे राहून अत्यंत गंभीरपणे "माते! माते!" म्हणताना मी पाहिले आणि मला वाटलं, आता आकाशातून पुष्पवृष्टी होणार.

माहेरच्या वाघ्याला शिकवणं असं काही झालंच नव्हतं. त्याला दोन शब्द यायचे. अंगणात भाकरी टाकली की 'यू यू', आणि ओसरीवर पाय ठेवला की 'हाड'. एवढ्या शब्दसंग्रहावर त्यानं बारा वर्षं सुखानं काढली. 'वाघ्या, लोळण घे' असं आमच्या आजीनं कुणाला म्हणताना ऐकलं असतं तर तिनं पोराला डॉक्टरकडे नेलं असतं.

तरी ठरवलं, मराठीच. 'बस' जमेना. शब्द फारच आखूड, मी तोंड उघडून मिटेपर्यंत संपतो, आणि वाघ्याला त्यात आणि 'बास'मध्ये फरक कळेना. मग 'खाली बस' केलं, ते पक्कं झालं. 'हात दे' लगेच आलं. 'लोळ'ला चार दिवस लागले, कारण तो 'ळ' मी कधी जोर देऊन तर कधी सैल उच्चारायचे. तेव्हा लक्षात आलं की शिस्त कुत्र्याला नाही, मला लागतेय. एकाच सुरात, एकाच वेगानं, रोज. दिवसाला नवे धडेही थोडेच घेतो तो, मग कंटाळून तोंड फिरवतो. एकदा त्याला शिंक आली आणि दिवा लागला. मी घाईघाईनं म्हटलं "सत्य आहे!" आता हुकूम केला की शिंकतो. आईला फोनवर हे दाखवलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "अगं, शिंक आधी की सत्य आधी?"

अडचण एवढीच की हे सगळं मोठ्यानं बोलून करावं लागतं. आगगाडीत शक्यच नाही, तोझाई लाइनवर लोक फोनसुद्धा घेत नाहीत. घरी भिंती कागदासारख्या. रात्री दहानंतर "लोळ! लोळ म्हणते ना!" असा आवाज शेजारी जातो तेव्हा ते काय समजत असतील, या विचारानं मी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जरा जास्तच वाकून नमस्कार करते.

मुलगी मात्र वाघ्यावर रुसली होती. तिचं ऐकायचाच नाही तो. ऐकणार कसा, आवाज माझा. एका रविवारी तिनं हॉटेलातून कोतारोला घरी आणलं. मी पोळ्या लाटत होते. मागून ऐकू आलं, "कोतारोऽ", तिच्या शाळेतल्या मुली एकमेकींना मारतात तशी, शेवट वर उचललेली हाक. मग "ओसुवारी". आणि मग किंकाळी.

कोतारो बसला होता.

तिनं 'ओते' म्हटलं. त्यानं पंजा दिला. 'फुसे'. आडवा झाला. लाटणं हातात घेऊन मी बघत राहिले. म्हणजे त्याला वाढवणारं कुणी मोठं माणूस नव्हतंच. याच वयाचं, याच पट्टीतलं, तोक्योतलं नाही तर आसपासचं पोर असणार. खेळ नवा असताना घेतला असेल तर आज ते पोर सत्ताविशी-अठ्ठाविशीचं असेल, आवाज बदललेला असेल. ते आज समोर आलं तरी कोतारो त्याला ओळखणार नाही. माझ्या मुलीला ओळखतो.

"आई, तू त्याला चुकीचं बोलत होतीस," ती म्हणाली. जपानीत म्हणाली. आमच्याकडे हल्ली असंच असतं, मी मराठीत विचारते आणि उत्तर जपानीत येतं.

आता खोलीत दोघं असतात. ती "ओसुवारी" म्हणते, कोतारो बसतो, वाघ्या तिच्याकडे मान तिरकी करून बघतो. मी "खाली बस" म्हणते, वाघ्या बसतो, कोतारो चेंडू घेऊन निघून जातो. एकमेकांचं शेपूट मात्र ते न सांगता हुंगतात.

परवा तिच्या मांडीला मांडी लावून मी वाघ्याला फिरायला नेत होते. नकाशावर रस्ता आखायचा आणि निघायचं. वाटेत त्यानं रस्त्यावरच्या कचऱ्यात तोंड घातलं आणि दोरी ओढायच्या आधी माझ्या तोंडून गेलं, "हाड!"

"हाड म्हणजे?"

"म्हणजे... जा तिकडे. तुमच्यात काय म्हणतात?"

तिनं विचार केला. "शिश्शी," ती म्हणाली. खरंच आहे, इथे मांजराला, कुत्र्याला असंच हाकलतात. पण आमच्या घरात लहानपणापासून या शब्दाला एकच अर्थ आहे, तो तिच्या चेहऱ्यावर सावकाश उगवला आणि ती फिसकन हसली. तेवढ्यात वाघ्या रस्त्याच्या कडेला थांबला, पाठीची कमान केली आणि खाली बसला. कुणीही न सांगता.

"पिशवी काढ," मी म्हटलं.